सोसायटीचा हिशेब मागणे हा सभासदाचा हक्कच!

पनवेल-रोहा लोहमार्गावरील आपटा स्थानक अनेकांना १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या चित्रपटातील अखेरच्या प्रसंगामुळे ठाऊक आहे. पाताळगंगेच्या काठचे हे गाव आज मात्र मुंबई-ठाण्याच्या मध्यमवर्गीयांना वेगळ्या कारणाने खुणावते आहे. एका बाजूला कर्नाळ्याचे अभयारण्य, दुसऱ्या बाजूला रसायनीची औद्योगिक वसाहत आणि हाकेच्या अंतरावर मुंबई-गोवा महामार्ग. त्यातच जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. साहजिकच या पट्ट्यातील भूखंड, बंगले आणि सदनिकांना 'सेकंड होम' म्हणून मागणी आली.

घर घेताना ग्राहक सातबारा पाहतो, बँकेचे कर्ज पाहतो, पाण्याची सोय विचारतो. ताबा मिळाल्यानंतर मात्र तो वर्षातून चार-सहा वेळाच तेथे जातो. मालक दादरला किंवा डोंबिवलीला आणि संस्थेचा कारभार गावात, अशी स्थिती निर्माण होते. दोन-तीन पदाधिकारी सारे निर्णय घेतात आणि देखभालीचे बिल टपालाने वा मोबाइलवर येत राहते. ते का वाढले, पंप दुरुस्तीचे काम कोणाला दिले, साठलेला निधी कोणत्या बँकेत आहे, हे विचारावे तर 'तुम्ही येथे राहत नाही, तुम्हाला काय ठाऊक?' असे उत्तर मिळते. कायद्याला मात्र हे उत्तर मान्य नाही. सभासद तेथे राहतो की नाही यावर त्याचा माहितीचा हक्क अवलंबून नसतो.

आधी संस्था नोंदली आहे का, ते पाहा

मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि या चळवळीचा पाया घातला गेला. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार चालतो. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी 'तेरा-ब' हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले.

तथापि, हे संरक्षण नोंदणी झालेल्या संस्थेच्या सभासदालाच मिळते. अनेक प्रकल्पांत विकासक वर्षानुवर्षे स्वतःच देखभालीचे पैसे गोळा करतो आणि संस्था स्थापन करण्याचे टाळतो. १९६३ च्या मोफा कायद्याने संस्था स्थापन करणे ही विकासकाची जबाबदारी ठरवली आहे. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांत ५१ टक्के सदनिकांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत संस्था स्थापन व्हावी, असा नियम आहे. विकासक टाळाटाळ करीत असेल तर सदनिकाधारक स्वतः निबंधकांकडे अर्ज करू शकतात. त्याचप्रमाणे तो जमिनीचे अभिहस्तांतरण करून देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीमुळे मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर मात्र नियम वेगळे लागू होतात. म्हणून आपले घोषणापत्र वा नोंदणी प्रमाणपत्र प्रथम पाहावे.

कागद पाहण्याचा हक्क

सोसायटीचे दप्तर ही सचिवांची खासगी मालमत्ता नव्हे. कायदा, नियम व उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, समिती सदस्यांची यादी, सर्वसाधारण सभेची व व्यवस्थापक समितीच्या सभांची इतिवृत्ते आणि सभासदाचे संस्थेशी झालेले व्यवहार ज्यात नोंदले आहेत ती पाने, हे सारे सभासदाला पाहता येते. पाहण्यासाठी शुल्क नाही. प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज आणि ठरलेले शुल्क एवढेच लागते.

येथे 'लेखी' हा शब्द महत्त्वाचा आहे. जिन्यात भेटल्यावर विचारलेल्या प्रश्नाला कायद्याच्या दृष्टीने किंमत नाही. अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर पोच घ्यावी. पोच नाकारली तर नोंदणीकृत टपालाने पाठवावा. पुढे निबंधकांकडे जाण्याची वेळ आली तर हीच पोच उपयोगी पडते. शिवाय 'सर्व कागदपत्रे द्यावीत' असे मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या वर्षाचा ताळेबंद आणि कोणत्या तारखेच्या सभेचे इतिवृत्त हवे, ते स्पष्ट लिहावे.

बिलातील आकडे तपासा

आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क (पहारेकरी, सफाई, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च) सर्व सदनिकांना सारखेच आकारायचे असते. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर व आकारावर ठरते. दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के असे दर आहेत. यात जमिनीची किंमत धरायची नाही.

'सेकंड होम'वाल्यांना सर्वाधिक छळणारी बाब म्हणजे बिनभोगवटा शुल्क. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. हे शुल्क सदनिका भाड्याने दिल्यावर लागते. घर केवळ कुलूपबंद आहे म्हणून ते आकारता येत नाही. हस्तांतरणाच्या अधिमूल्यालाही मर्यादा आहे. ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकात ती महापालिका क्षेत्रासाठी २५ हजार रुपये, तर ग्रामपंचायत क्षेत्रासाठी पाच हजार रुपये अशी घालून दिली आहे. आपटा ग्रामपंचायतीत येते. तेव्हा 'पनवेलला सगळे पंचवीस हजारच घेतात' हे कारण येथे चालणारे नाही. विकास निधी, देणगी अशा गोंडस नावांखाली सक्तीने रक्कम उकळणेही नियमबाह्यच.

निधी कोठे ठेवला आहे?

समजा, ४० सदनिकांची संस्था आहे आणि प्रत्येक सदनिकेचा बांधकाम खर्च २० लाख रुपये आहे. सिंकिंग फंडापोटी प्रत्येकाचे वर्षाला पाच हजार, म्हणजे संस्थेचे दोन लाख रुपये जमतात. दहा वर्षांत मुद्दलच २० लाख होते. इमारत जुनी झाल्यावर तिला सावरण्यासाठी असलेली ही पुंजी कोणत्या बँकेत, कोणाच्या सहीने ठेवली आहे, हे किती सभासदांना ठाऊक असते?

पनवेलकरांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपये झाली आहे. संस्थेत चाळीस सभासदांचा पैसा असला तरी बँकेच्या लेखी ठेवीदार एकच, तो म्हणजे संस्था. वीस लाख एकाच बँकेत असतील आणि ती बुडाली तर विम्याचे संरक्षण पाच लाखांपुरतेच. म्हणून ठेवपावत्यांची यादी दरवर्षी ताळेबंदासोबत मागून घ्यावी. संस्थेने आपला पैसा कोठे गुंतवावा याचे बंधन कायद्याच्या कलम ७० मध्ये आहे. गुंतवणूक त्याला धरून आहे का, हे लेखापरीक्षकाच्या अहवालात पाहता येते.

सभेला जाणे हाच खरा पहारा

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी मिळाली पाहिजे. सभाच न घेणाऱ्या पदाधिकाऱ्यांना निबंधक अपात्र ठरवू शकतात. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेच्या मंजुरीविना समितीला दुरुस्तीवर करता येणारा खर्चही मर्यादित आहे: २५ सभासदांपर्यंत २५ हजार रुपये, २६ ते ५० सभासद असल्यास ५० हजार आणि त्याहून मोठ्या संस्थेत एक लाख. आपल्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत घेऊन हे आकडे पडताळून पाहावेत.

एक सभासद, एक मत हे सहकाराचे तत्त्व आहे आणि आपल्या वतीने भलत्याच कोणाला मतदानासाठी पाठवता येत नाही. आपल्याला जाणे शक्य नसेल तर पती, पत्नी, मुलगा वा मुलगी यांना सहयोगी सदस्य करून घ्यावे. लेखी संमतीने ते हक्क बजावू शकतात. विशेष सभा बोलावण्यासाठी एकपंचमांश सभासदांची मागणी पुरते. चाळीस सभासदांच्या संस्थेत आठ सह्या! मागणी आल्यावर एका महिन्यात सभा घ्यावी लागते. कलम ८३ खाली निबंधकांकडून चौकशी मागण्यासाठीही एवढाच आकडा लागतो. मुंबईत विखुरलेल्या आठ शेजाऱ्यांनी एकमेकांचे फोन नंबर ठेवले तरी निम्मे काम होते.

माहिती अधिकाराचा आडमार्ग

सोसायटीकडे थेट माहिती अधिकाराचा अर्ज करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ रोजी थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वसाधारणपणे सहकारी संस्था ही 'सार्वजनिक प्राधिकरण' नसल्याचे सांगितले. परंतु निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहेत आणि कायद्याने जी माहिती ते संस्थेकडून मिळवू शकतात, ती त्यांच्याकडे मागता येते, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे. संस्थेला दरवर्षी विवरणपत्रे निबंधकांकडे सादर करावी लागतात. त्यांच्या प्रती या मार्गाने मिळवता येतील.

तक्रार कोठे करावी?

प्रथम संस्थेकडेच लेखी तक्रार करावी. दप्तराच्या प्रती न देणे, हिशेब न ठेवणे, सभा न बोलावणे, निधीचा गैरवापर, भागपत्र न देणे या बाबी निबंधकांच्या कक्षेत येतात. सभेच्या ठरावाची वैधता, निवडणूक, गळती, वाहनतळ, जादा आकारणी यांविषयीचे वाद सहकार न्यायालयात जातात. निकृष्ट बांधकामासारखी विकासकाविरुद्धची गाऱ्हाणी महारेरा, ग्राहक आयोग वा दिवाणी न्यायालयापुढे मांडावी लागतात. धमकी वा मारहाण झाली तर पोलीस ठाणे. चुकीच्या दारावर थाप मारल्याने अनेकांची वर्षे वाया जातात.

समितीचीही बाजू आहे

पारदर्शकतेची अपेक्षा ठेवताना हेही विसरू नये की पदाधिकारी बहुधा विनामोबदला काम करतात आणि समितीच्या निर्णयांना सारे सदस्य संयुक्तपणे व व्यक्तिशः जबाबदार असतात. पावसाळ्यात पंप बंद पडला की धावाधाव तेच करतात. सहा-सहा महिने बिल न भरणारा सभासद हिशेब मागू लागला तर त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहेच. म्हणून वाद असला तरी वादातीत रक्कम वेळेवर भरावी आणि उर्वरित रकमेविषयी लेखी हरकत नोंदवावी. हक्काची भाषा बोलणाऱ्याचे खाते स्वच्छ असले की त्याचे म्हणणे कोणालाही उडवून लावता येत नाही.

जी समिती ताळेबंद, निविदांचा तक्ता आणि इतिवृत्त स्वतःहून सूचनाफलकावर लावते, तिच्याविषयी कुजबुज होत नाही आणि तिच्याकडे पैसेही वेळेवर जमतात. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या घराची किंमत भिंतींइतकीच संस्थेच्या दप्तरावरही अवलंबून असते. यंदाच्या सप्टेंबरमधील सभेची सूचना हाती पडली की त्या दिवशीचे अन्य बेत रद्द करावेत आणि ताळेबंदाची प्रत वाचूनच आपट्याची गाडी धरावी.