बाळाचें जेवण आणि मोठ्यांचा धीर

आठनऊ महिन्यांचें मूल जेवावयास बसलें म्हणजे घरांत काय प्रसंग ओढवतो, हें गृहिणींस सांगावयास नको. घर यवतमाळचें असो, वणीचें असो कीं पुसदचें. मऊ भातावर तुरीचें वरण कालवून वाटी पुढें ठेवावी, तों बाळाचा पंजा तींत बुडालेला असतो. निम्मा घांस गालास, निम्मा केसांस, आणि वाटी जमिनीवर! आई कंटाळते. आजी म्हणते, "अगं, हात धर त्याचे आणि भरव!" हा सल्ला सोयीचा खरा, पण तो हिताचा आहे काय, याचा आज विचार करूं.

गृह्यसूत्रांनीं अन्नप्राशनास सहावा महिना सांगितला आहे. आपल्या घरीं तेंच उष्टावण. जागतिक आरोग्य संघटनाहि सहा महिने पुरे झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीला वरचें अन्न सुरू करावें, असेंच सांगते. परंतु उष्टावणाच्या दिवशीं मूल खाणें शिकत नाहीं, शिकावयास आरंभ करतें. प्रथम तें घांस सगळ्या मुठींत धरतें. नवव्या महिन्याच्या सुमारास चिमटीनें भाताचें शीत उचलूं लागतें. चमचा नीट तोंडाशीं नेणें तर वर्ष उलटल्यानंतरच हळूहळू साधतें. मधल्या काळांतील सांडलवंड हा स्वभावदोष नव्हे. ती शिक्षणाची पायरी आहे. वाटी पुनःपुनः खालीं टाकणें ही खोडीहि नव्हे. वस्तु कशी पडते, आवाज कसा होतो, ती पुन्हा वर येते कीं नाहीं, याचा तो प्रयोग असतो.

अमेरिकेंत क्लारा डेव्हिस या बाईंनीं १९२८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथें आठवतो. नुकतेंच आईचें दूध सुटलेल्या मुलांपुढें त्यांनीं निरनिराळे साधे, सकस पदार्थ मांडले आणि निवड मुलांवर सोपविली. मुलांनीं बोटांनीं खाल्लें, सांडलें. पण तीं उत्तम वाढलीं. यांतील मर्म मात्र विसरूं नये: ताटांत काय असावें हें मोठ्यांनींच ठरविलें होतें. किती खावें, तें मुलांनीं ठरविलें.

याउलट हात दाबून, आडवें निजवून घांस कोंबला, तर अन्न श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें, आणि जेवणाची वेळ म्हणजे झटापट, असें मूल शिकतें. मान फिरविणें, ओठ मिटणें, अन्न दूर सारणें ही त्याची "पुरे" म्हणण्याची भाषा आहे. ती आपण ऐकलीच नाहीं, तर आपली भूक ओळखण्यास तें कसें शिकेल?

मग करावें काय? मुलास ताठ बसवावें. खालीं धुतां येईल असें मेणकापड अंथरावें. वाटींत एका वेळीं दोनच घांस घालावे. सांडेल तें थोडेंच सांडेल. एक चमचा त्याच्या हातीं द्यावा, दुसऱ्यानें आपण भरवावें. भाकरी वरणांत पुरती कुस्करावी. शेंगदाणे, फुटाणे यांसारखे कठीण दाणे देऊं नयेत. मध वर्ष पुरें होईपर्यंत चाटवूं नये. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हांत कालविलेलें अन्न दुसऱ्या वेळेसाठीं ठेवूं नये. अर्ध्या तासांत जेवण आटोपावें, आणि वाटी फेकण्याचा खेळच सुरू झाला तर न रागावतां ती उचलून ठेवावी. मात्र वजन वाढत नसेल, किंवा प्रत्येक घांसास ठसका लागत असेल, तर डॉक्टरांस दाखवावें.

हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं पुरेसा आहार मिळणारीं मुलें देशांत शेंकडा अकराच्या आसपास आढळलीं. त्याचें एक कारण दारिद्र्य आहे; पण भरल्या घरांतहि मुलाचें पोट घाईमुळें रिकामें राहूं शकतें. वऱ्हाडांत कांहीं काळ राहिलेल्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस खेड्यांतील बालकांसाठीं जें कार्य उभें केलें, त्याचें सूत्र हेंच होतें कीं, मूल स्वतः करून शिकतें. ताटाशीं हें सूत्र पाळावयाचें तर फरशी रोज दोनदां पुसावी लागेल. फरशी पुसतां येते. अन्नाविषयीं बसलेली धास्ती मात्र इतक्या सहजीं पुसली जात नाहीं.