रूपांतराची कैफियत (लेखांक ५) : हनुवटीविरुद्ध फिर्याद

जी कृती आपण जिवापाड जपली, तिच्यावर चित्रपट निघणार ही वार्ता कानी येताच चाहत्याला हर्षाऐवजी धास्ती का वाटावी, हा प्रश्न मागील लेखांकाच्या अखेरीस आपण उपस्थित केला होता. आणि त्याचा उलगडा करण्यास १९८८ सालच्या अमेरिकेतील 'बॅटमॅन' प्रकरणाइतके बोलके दफ्तर दुसरे नाही. त्या वर्षी वॉर्नर ब्रदर्स कंपनीने नायकाच्या भूमिकेवर मायकेल कीटन या, तोवर मुख्यतः विनोदी कामांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि अंगापिंडाने बेताच्याच असलेल्या नटाची नेमणूक जाहीर केली, आणि तिच्या कचेरीत निषेधाची सुमारे ५०,००० पत्रे येऊन पडली, असे सांगतात. शेअरबाजाराची बित्तंबातमी देणाऱ्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'लाही या गिल्ल्याची दखल घ्यावी लागली.

ही धास्ती निराधार मुळीच नव्हती. १९३९ साली बॉब केन आणि बिल फिंगर यांनी निर्मिलेला (फिंगरला अधिकृत श्रेय मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले, ही कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे) हा निशाचर नायक १९६६ ते १९६८ या काळातील दूरचित्रवाणी-मालिकेने केवळ थट्टेचा विषय करून टाकला होता. ठोसा बसला की पडद्यावर 'पॉव!' अशी रंगीत अक्षरे झळकत आणि घरोघर हशा पिके. पुढे मूळ चित्रकथांतून डेनिस ओनील आणि नील ॲडम्स यांनी, व १९८६ साली फ्रँक मिलरने, त्याची गेलेली अब्रू मोठ्या कष्टाने परत मिळवली. ती हाती येते न येते तोच 'बीटलज्यूस'चा दिग्दर्शक टिम बर्टन त्याच चित्रपटातील नटाला घेऊन पुढे सरसावला, तेव्हा जुन्या अपमानाची पुनरावृत्ती होणार असे चाहत्यांना वाटले, तर त्यात नवल ते काय?

फिर्याद मात्र चुकीच्या इसमावर गुदरली गेली. पिळदार देहाच्या पुरुषाला वटवाघळाचे सोंग घेण्याची गरजच काय, हा बर्टनचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. शिवाय नायकाला साजेशी नाही म्हणून ज्या हनुवटीवर एवढा गहजब झाला, ती आणि डोळे एवढेच काय ते मुखवट्याबाहेर राहणार होते. बॉब रिंगवुडने सिद्ध केलेला तो काळा रबरी पोशाख इतका ताठ होता की कीटनला मान वळवता येत नसे; बाजूला पाहायचे तर सारे धडच फिरवावे लागे, आणि या अडचणीतूनच त्या आकृतीला एक भारदस्त, पाषाणवत् गांभीर्य प्राप्त झाले. २३ जून १९८९ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि कीटनविषयीची कुरकुर बव्हंशी विरली.

परंतु मूळ दस्तऐवजात खरा फेरफार झाला होता तो पटकथेत. चित्रकथांत नायकाच्या मातापित्यांची हत्या एका सामान्य लुटारूने केली होती. १९४८ साली त्याला जो चिल हे नाव मिळाले. त्या हत्येच्या क्षुद्रतेतच कथेचे मर्म आहे : मारेकरी कोणीही असू शकला असता, म्हणूनच नायकाचे वैर एका माणसाशी न राहता गुन्हेगारीशी जडते आणि कधी संपत नाही. चित्रपटाने ती हत्या तरुणपणीच्या खलनायक जोकरच्या माथी मारली. जॅक निकल्सनचा जोकर कळसावरून कोसळून मरतो, तेव्हा सूड पुरा होतो, हिशेब चुकता होतो. मग पुढच्या रात्री या गृहस्थाने मुखवटा चढवावा तो कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर पटकथेजवळ उरत नाही.

चाहत्यांना ज्याची धास्ती होती ते विडंबन आले १९९७ साली, 'बॅटमॅन अँड रॉबिन'च्या रूपाने. आणि त्यात बॅटमॅन झालेल्या जॉर्ज क्लूनीच्या हनुवटीत तर कोणी खोट काढली नसती. त्या चित्रपटाची इतकी नाचक्की झाली की कंपनीने आठ वर्षे चित्रपटगृहांसाठी बॅटमॅनवर नवा चित्रपट काढला नाही. २००५ साली क्रिस्टोफर नोलनने ही कथा नव्याने मांडली, तेव्हा मारेकरी म्हणून पुन्हा जो चिलच उभा केला.