ज्या सापाचं विष, त्याचाच उतारा

मुलाच्या नावातच वडिलांनी त्याचा पत्ता लिहून ठेवला होता. २८ एप्रिल १८६५ रोजी, संत व्हितल यांच्या दिवशी जन्म म्हणून व्हितल, देश ब्राझील, प्रांत मिनास जेराइस म्हणून मिनेइरो आणि गाव कांपान्या म्हणून दा कांपान्या. व्हितल ब्राझील मिनेइरो दा कांपान्या! पुढे जग त्यांना व्हितल ब्राझील एवढ्याच नावाने ओळखू लागलं.

१८९१ मध्ये रिओ द जानेरोत डॉक्टर होऊन ते काही वर्षांनी साओ पावलो प्रांतातल्या बोतुकातू गावी दवाखाना चालवू लागले. भोवताली कॉफीचे मळे, मळ्यांत अनवाणी राबणारे मजूर, आणि पाचोळ्यात जराराका. हा साप म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याचा लांबचा भाऊबंद. तो चावला की पाय सुजून काळा पडे, रक्त वाहत राही. दुसरा वैरी शेपटीने खुळखुळा वाजवणारा कास्काव्हेल. त्याच्या दंशाने सूज फारशी येत नसे, पण पापण्या मिटू लागत आणि हातापायांतलं बळ जाई. डॉक्टरांनी आधी गावठी झाडपाला तपासून पाहिला. गुण आला नाही.

त्याच सुमारास आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने नागाच्या विषावर घोड्यापासून उतारा तयार केल्याची बातमी आली. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याचं शरीर विषाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. मग त्याचं थोडं रक्त काढून त्यातला रक्तद्रव वेगळा करायचा; तोच उतारा, म्हणजे लस. ही लस कुठल्याही सापाच्या विषावर चालेल, असं काल्मेत यांचं म्हणणं होतं.

ब्राझील यांनी ती जराराका आणि कास्काव्हेलच्या विषावर लावून पाहिली. चालली नाही. मग त्यांनी या दोन्ही सापांच्या विषांवर वेगवेगळ्या लसी बनवल्या. जराराकाची लस कास्काव्हेलच्या विषापुढे हतबल ठरली, आणि उलटही तेच. हा शोध त्यांच्या कारकिर्दीचा कणा ठरला. मिश्र लसही त्यांनी बनवली, पण ती साप ओळखता न आल्यास वापरायची.

१८९९ मध्ये सांतोस बंदरात प्लेग आला. साथीच्या कामावर गेलेल्या ब्राझील यांनाच प्लेगने गाठलं, पण ते वाचले. प्लेगची लस बनवायला सरकारने साओ पावलोबाहेरची बुतांतान नावाची शेतवाडी घेतली. १९०१ मध्ये तिथे रीतसर संस्था उभी राहिली आणि ब्राझील तिचे पहिले संचालक झाले. प्लेगच्या लसीबरोबर त्याच तबेल्यांतून सर्पविषावरची लसही बाहेर पडू लागली.

लसीसाठी विष हवं, विषासाठी साप हवेत, आणि साप तर शेतकऱ्यांच्या बांधावर. ब्राझील यांनी सरळ व्यवहार मांडला: तुम्ही जिवंत साप पाठवा, आम्ही लस पाठवू. संस्थेने साप पकडायची काठी आणि लाकडी पेट्या पुरवल्या, रेल्वेने त्या पेट्या फुकट वाहिल्या. लसीसोबत एक छापील फॉर्मही जाई. कुठला साप, कुठे चावला, लस केव्हा टोचली, रोगी वाचला का, हे त्यात भरून परत पाठवायचं. एरवी साप दिसताच काठी उगारणारा शेतकरी अशा रीतीने संशोधनात भागीदार झाला.

१९१३ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट बुतांतानला आले. त्यांच्यासमोर मुसुराना नावाच्या सापाने एक जराराका गिळून दाखवला. १९१६ मध्ये ब्राझील न्यूयॉर्कला असताना तिथल्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या एका कर्मचाऱ्याला खुळखुळ्या साप चावला. चालू उपायांनी उतार पडेना. ब्राझील यांनी सोबत आणलेली लस टोचली आणि माणूस वाचला.

१९१९ मध्ये त्यांनी बुतांतान सोडून नितेरॉय इथे दुसरी संस्था काढली. मधली काही वर्षं ते पुन्हा बुतांतानला होते. १९५० मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच्या थोडंच आधी साओ पावलोतल्या संशोधकांना जराराकाच्या विषाचा अभ्यास करताना रक्तदाब उतरवणारं ब्रॅडिकायनिन सापडलं होतं. त्याच विषाच्या पुढच्या संशोधनातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध आकाराला आलं.

ज्या सापाचं विष त्याचाच उतारा, हा बुतांतानचा धडा महाराष्ट्रालाही लागू आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. त्यासाठीचं बहुतेक विष तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे तामिळनाडूतल्या विषावर बेतलेली लस दुसऱ्या प्रांतात तितकीच लागू पडेल, असं धरून चालता येत नाही. आणि जराराकाचा तो सह्याद्रीतला भाऊबंद, चापडा? त्या चौघांत तो नाही, आणि त्याच्या विषावरची वेगळी लस भारतात बनत नाही.