सुट्टीत यांना कोण घेणार?

अमेरिकेत जूनच्या मध्यापर्यंत बहुतेक शाळांना कुलूप लागतं आणि ते उघडतं ऑगस्टमध्ये नाहीतर सप्टेंबरच्या सुरुवातीला. मधल्या दहाएक आठवड्यांत मुलांचं करायचं काय, हा तिथल्या नोकरदार आईबापांपुढे दरवर्षी उभा राहणारा प्रश्न. आजीआजोबा लांब, शेजारी आपापल्या कामात. म्हणून समर कॅम्प. हा प्रकार तिथे चांगला जुना आहे. १८६१ मध्ये कनेटिकटमधले शाळाचालक फ्रेडरिक गन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन चालत निघाले आणि समुद्रकाठी तंबू ठोकून राहिले. तिथपासून ही परंपरा मोजतात. आज पोहण्यापासून रोबोटपर्यंत कशाचाही कॅम्प मिळतो. फक्त फी भरायची तयारी हवी.

मूल स्वमग्न असेल, त्याला सेरेब्रल पाल्सी असेल, दिवसातून दोनदा फिट येत असेल, किंवा चौदाव्या वर्षीही लंगोट लागत असेल, तर मात्र हे सगळे दरवाजे एकेक करत बंद होतात. नकार कोणी तोंडावर देत नाही. ‘आमच्याकडे तसा प्रशिक्षित स्टाफ नाही’ एवढं सौजन्याने सांगितलं जातं. वर्षभर या मुलांची शाळा असते, आणि ती कायद्याने असते. १९७५ मध्ये अमेरिकी संसदेने अपंग मुलांना मोफत आणि सुयोग्य शिक्षणाचा हक्क दिला. त्याआधी लाखो मुलं शाळेबाहेरच होती. पण उन्हाळ्यात शाळा चालू ठेवण्याचं बंधन सर्वांसाठी नाही. सुट्टीत शिकलेलं पार पुसलं जाईल असं ज्याच्याबाबत दाखवता येतं, त्यालाच साधारणपणे सुट्टीतले तास मिळतात. बाकीच्यांची शाळा म्हणजे आईच. तिची नोकरी, झोप, पाठदुखी, दुसऱ्या मुलाचा वाढदिवस, सगळं त्या दहा आठवड्यांत बाजूला पडतं.

या फटीत उतरली आहेत ती गावोगावची चर्चेस. आठवडाभराचा किंवा चार-पाच दिवसांचा कॅम्प, सकाळी नऊ ते दुपारी तीन किंवा मुक्कामी, फक्त विशेष मुलांसाठी आणि अनेक ठिकाणी पूर्ण मोफत. यात एक कायदेशीर गंमत आहे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने अमेरिकेतल्या हॉटेलांना, दुकानांना, सिनेमागृहांना आणि खासगी कॅम्पांनाही अपंगांना नाकारण्याची मनाई केली. धार्मिक संस्थांना मात्र त्यातून सूट दिली. म्हणजे ज्यांच्यावर सक्ती आहे ते सबबी शोधतात आणि ज्यांच्यावर नाही त्यांच्यातले काही जण आपणहून दार उघडतात. ‘काही जण’ असंच म्हणायला हवं, कारण रविवारच्या उपासनेत मूल ओरडलं म्हणून ‘उद्यापासून त्याला आणू नका’ असं सुचवणारी चर्चेसही तिथे कमी नाहीत.

मोफत सुट्टीची कल्पनाही चर्चमधूनच आली. १८७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन नावाच्या खेड्यातले पाद्री विलर्ड पार्सन्स यांनी आपल्या मंडळीला विचारलं, की न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींमधली गरीब मुलं काही दिवस तुमच्या घरी ठेवून घ्याल का? मंडळी तयार झाली. त्यातून उभा राहिलेला ‘फ्रेश एअर फंड’ आजही मुलांना न्यूयॉर्कबाहेर नेतो. पुढे १८९८ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला एका बाप्टिस्ट बाईंनी रस्त्यावर हुंदडणाऱ्या पोरांसाठी चक्क बिअरचा हॉल भाड्याने घेतला आणि सुट्टीतली बायबल शाळा भरवली. हीच आजची ‘व्हेकेशन बायबल स्कूल’. मुंबई, पुणे, अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती घरांत ती ‘व्हीबीएस’ या नावाने माहीत आहे, कारण आपल्याकडेही मे महिन्यात ती भरते. गाणी, हस्तकला, गोष्ट, खाऊ आणि प्रार्थना, असा तिचा साचा. विशेष मुलांचे बरेच मोफत कॅम्प याच साच्यातून निघाले.

पण या कॅम्पांना आजचं रूप आलं ते एका श्रीमंत कॅथलिक बाईच्या अंगणात. युनिस केनेडी श्रायव्हर या राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या बहीण. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या मागे होती. १९४१ मध्ये वडिलांनी तिच्या मेंदूवर लोबोटमीची शस्त्रक्रिया करवली आणि होती नव्हती ती शक्तीही गेली. पुढे ती विस्कॉन्सिनमध्ये नन्स चालवत असलेल्या संस्थेत राहिली. घरात तिचं नाव निघेना. युनिस यांच्या मनातून मात्र ती गेली नाही. या मुलांना कोणताच कॅम्प घेत नाही, अशी एका आईची तक्रार त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी समिती नेमली नाही. जून १९६२ मध्ये मेरीलँडमधल्या आपल्या राहत्या घराच्या आवारातच, ‘टिंबरलॉन’मध्ये, दिवसाचा कॅम्प सुरू केला. फी नाही.

तेव्हाची समजूत अशी, की ही मुलं पोहू शकणार नाहीत, घोड्यावर बसवली तर पडतील, चेंडू दिला तर एकमेकांना मारतील. युनिस स्वतः पोहण्याच्या पोशाखात तलावात उतरत आणि मुलांना पाण्यात घेत. सोबतीला त्यांनी आसपासच्या हायस्कूल आणि कॉलेजातली पोरं-पोरी बोलावली, आणि जवळजवळ प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक जण दिला. माझ्या मते खरा शोध हाच. तलाव आणि घोडे श्रीमंताकडे असतातच. एका मुलामागे एक माणूस ही व्यवस्था कोणालाही करता येते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनिस यांनी ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या खपाच्या साप्ताहिकात रोझमेरीबद्दल उघडपणे लिहिलं. अमेरिकेतल्या असंख्य घरांनी जे लपवलं होतं, ते राष्ट्राध्यक्षांच्या बहिणीने छापून टाकलं. सहा वर्षांनी, २० जुलै १९६८ रोजी, शिकागोच्या सोल्जर फील्डवर सुमारे हजार खेळाडूंनी पहिलं स्पेशल ऑलिंपिक गाजवलं. त्याचं बी या अंगणातलं.

आज एखाद्या चर्चच्या कॅम्पमध्ये काय चालतं ते पाहू. काम सुरू होतं दोन-तीन महिने आधी, अर्जापासून. अर्ज चांगला आठ-दहा पानी असतो. औषधं कोणती, किती वाजता, गोळी कशात कालवून द्यायची? नळीवाटे अन्न देतात का? मोठ्या आवाजाला घाबरतो का? पळून जातो का आणि गेला तर कुठे, पाण्याकडे की रस्त्याकडे? राग येण्याआधी काय दिसतं? शांत कशाने होतो? आईला वर्षानुवर्षं जे कोणी विचारलं नव्हतं, ते इथे कागदावर विचारलेलं असतं.

मग जोड्या लागतात. मुलाचा जो जोडीदार, त्याला ‘बडी’ म्हणतात. तो बहुधा सोळा ते वीस वर्षांचा. त्याची पार्श्वभूमी तपासलेली असते, दोन-तीन सत्रांचं प्रशिक्षण झालेलं असतं. त्यात एक नियम पक्का शिकवतात. मुलासोबत एकट्याने बंद खोलीत कधीही नाही; कपडे बदलणं, शौचालय, अंघोळ यांना दोघं हवेत. मुलाला चित्रांचा तक्ता दिला जातो: आधी गाणी, मग रंग, मग खाऊ, मग पाणी. पुढे काय होणार हे दिसत राहिलं, की स्वमग्न मुलांचा बराचसा गोंधळ आपोआप कमी होतो. एक खोली मंद उजेडाची आणि शांत ठेवलेली असते. गर्दी सोसेनाशी झाली, की बडी त्याला घेऊन तिथे जाऊन बसतो. नर्सच्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाचा औषधांचा डबा. खेळांत व्हीलचेअरसकट बसता येणारा झोपाळा आणि जाळीच्या खुर्चीत बांधून दोरीवरून सरकणं. या दुसऱ्या प्रकाराला आया डोळे मिटून घेतात.

भावंडांचाही विचार चांगल्या कॅम्पमध्ये असतो. घरातलं सगळं लक्ष ज्याच्याकडे जातं त्याच्या बहिणीला किंवा भावाला या आठवड्यात वेगळा गट मिळतो. ‘तू समजूतदार आहेस ना’ हे वाक्य तिथे त्यांना ऐकावं लागत नाही.

आता मोफत म्हणजे काय? चर्चची इमारत, स्वयंपाकघर, रविवारच्या शाळेच्या खोल्या आठवड्याचे सहा दिवस रिकाम्याच असतात. निवृत्त मंडळी स्वयंपाकाला उभी राहतात, मंडळीतल्याच नर्स रजा काढून येतात. तिथल्या अनेक हायस्कुलांत उत्तीर्ण होण्यासाठी ठराविक तास समाजसेवा करावी लागते, ते तास बडींना इथे मिळतात. उरलेला विमा, बस आणि किराणा यांचा खर्च देणग्यांतून निघतो. काही मुक्कामी शिबिरांत तर स्वयंसेवकच स्वतःच्या राहण्याजेवण्याचे पैसे भरतो किंवा ओळखीपाळखीत गोळा करतो. आपल्याकडे वारीत कोणी मानधन मागत नाही, तसंच काहीसं.

याला बळ देणाऱ्या व्यक्तींत जोनी एरेक्सन टाडा यांचं नाव मोठं. ३० जुलै १९६७ रोजी, सतराव्या वर्षी, चेसापीक उपसागरात उथळ पाण्यात सूर मारताना त्यांची मान मोडली. खांद्यांखालचं शरीर गेलं. दातांत ब्रश धरून त्या चित्रं काढायला शिकल्या. प्रार्थनेने बरं होण्याच्या आशेने त्या एका प्रसिद्ध प्रवचनकर्तीच्या सभेला गेल्या आणि व्हीलचेअरवरच परत आल्या. ‘विश्वास कमी पडला’ असं अपंगाला सांगणाऱ्या धार्मिकतेवर त्यांनी नंतर सडकून टीका केली. १९७९ मध्ये त्यांनी ‘जोनी अँड फ्रेंड्स’ स्थापली. तिची शिबिरं मुलासाठी नसून अख्ख्या कुटुंबासाठी असतात, आणि हा फरक महत्त्वाचा. तिथल्या बापांना एका टेबलावर बसून बोलताना म्हणे पहिले दोन दिवस शब्द सापडत नाहीत. याच संस्थेसाठी अमेरिकी तुरुंगांतले कैदी जुन्या व्हीलचेअर दुरुस्त करतात आणि त्या गरीब देशांत जातात.

या सगळ्यामागे बायबलातल्या दोन जागा पुन्हापुन्हा सांगितल्या जातात. लूकच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, मेजवानी द्यायची तर परतफेड करू शकणाऱ्यांना बोलावू नका. लंगडे, आंधळे, गरीब यांना बोलवा. आणि योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू उत्तर देतो, कोणाचंच नाही. ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ हे नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेल्या मराठी आईला ही गोष्ट परकी वाटू नये.

युरोपात वाट थोडी वेगळी होती. फ्रान्समधल्या एका जोडप्याला दोन तीव्र अपंग मुलगे. लूर्दच्या यात्रेत त्यांना कोणी सामावून घेईना; हॉटेलात जेवणही खोलीतच घ्या म्हणाले. त्यांचं हे दुखणं ऐकून मारी-एलेन मातिय आणि ज्याँ व्हॅनिए यांनी १९७१ च्या ईस्टरला लूर्दमध्ये पंधरा देशांतले बारा हजार यात्रेकरू जमवले. त्यांतले चार हजार अपंग. ‘फेथ अँड लाइट’ ही चळवळ तिथून सुरू झाली. तिचे गट महिन्यातून एकदा भेटतात आणि उन्हाळ्यात एकत्र सुट्टीला जातात. व्हॅनिए यांनीच १९६४ मध्ये स्थापलेल्या, बौद्धिक अपंगांसोबत एकत्र राहणाऱ्या ‘लार्श’ या संस्थेची भारतातली पहिली शाखा ‘आशा निकेतन’ बंगळुरूला १९७० मध्ये निघाली. संतपदाला पोचतील असं ज्यांच्याबद्दल बोललं जाई, त्याच व्हॅनिए यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, ‘लार्श’नेच चौकशी करून जाहीर केलं. २०२३ च्या अहवालात ही संख्या किमान पंचवीस निघाली. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. तरी बंद खोलीत एकट्याने नाही हा कॅम्पचा नियम संशयखोरपणाचा वाटत असेल, तर हे लक्षात ठेवावं. सेवाभाव हा चारित्र्याचा दाखला नव्हे.

आता आपल्या वाचकाच्या मनातला प्रश्न. फुकट आहे, चर्चचं आहे, म्हणजे धर्मप्रसार असणारच? अमेरिकेतल्या कॅम्पमध्ये प्रार्थना आणि बायबलची गोष्ट असतेच, ती लपवत नाहीत, आणि येणारी बहुतेक कुटुंबं मुळात ख्रिस्तीच असतात. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये ‘केसरी’ने उठवलेलं वादळ आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा दिलेला राजीनामा हा काही काल्पनिक इतिहास नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची संमती कशी घ्यायची, हा प्रश्नही खरा आहे, आणि तो प्रत्येक धर्माच्या संस्थेला विचारायला हवा. माझं मत असं, की काय शिकवणार हे अर्जावर स्पष्ट लिहावं आणि प्रार्थनेच्या वेळी मुलाला दुसरीकडे खेळता यावं. एवढं पाळलं तर आईने निर्धास्त राहावं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५ मध्ये काढली ती कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांनी. दादरची अंधशाळा १९०० मध्ये सुरू केली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था होती. ज्यांना घरचेही मोजत नव्हते, त्यांच्यासाठी ही माणसं आधी पोचली.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३० लाख अपंग व्यक्ती होत्या. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, आणि खेळ-करमणुकीत सहभागाचा हक्कही त्यात लिहिला आहे. विशेष शाळांमधल्या शिक्षिका आपापल्या परीने सहली काढतात, शिबिरं घेतात. पण मे महिन्यात शहरोशहरी लागणाऱ्या संस्कारवर्गांच्या, नाट्यशिबिरांच्या, किल्ले-भटकंतीच्या फलकांवर या मुलांसाठी जागा असल्याचं क्वचितच दिसतं.

तेव्हा येत्या मे महिन्यात कुठलंही शिबिर घेणाऱ्यांना विनंती आहे. वीस मुलं घेत असाल तर दोन जागा विशेष मुलांसाठी ठेवा, त्यांची फी घेऊ नका आणि प्रत्येकासोबत कॉलेजातला एक मुलगा किंवा मुलगी द्या. त्यांचं प्रशिक्षण कसं करायचं हे तुमच्या गावातल्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापिका सांगतील. त्यांना फोन फेब्रुवारीतच करा, कारण मे महिन्यात त्यांचीही शाळा बंद असते.