नोकरीच्या अर्जात आकडा हवा

भाताची झोडणी उरकली, कणग्या भरल्या, की नागफणीच्या सुळक्याजवळच्या आपल्या कुरवंड्याची तरुण मुले कामासाठी लोणावळ्याची वाट धरतात. कोणी हॉटेलात, कोणी कारखान्यात. तेथे अर्ज मागतात. मग आपला मुलगा लिहितो, ‘मी प्रामाणिक व कष्टाळू असून कामाचा अनुभव आहे.’ खोटे त्यात काही नाही. पण साहेबापुढच्या पन्नास अर्जांत हेच लिहिलेले असते. त्याने निवडायचे कोणाला?

भाताचेच पाहा. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी वाण दिले. ‘वाण फार गुणी आहे हो’ एवढ्यावर कोणी बी घेतले असते का? किती दिवसांत तयार होते, एकरी किती पोती पडतात, हे विचारल्याशिवाय आपण रोप टाकत नाही. नोकरी देणाराही तेच विचारतो.

समजा, तुमच्या मुलीने हॉटेलची कोठी दोन वर्षे सांभाळली. तिने लिहावे : ‘आठवड्याला ३०० किलो भाजी माझ्या ताब्यात येई. त्यातली २४ किलो सडून जाई. जुना माल आधी काढण्याची पद्धत लावली. तीन महिन्यांत सड ९ किलोवर आली.’ आधी किती होते, काय केले, मग किती झाले, बस्स.

हा आकडा आणायचा कोठून? बहुधा तो घरातच असतो. डेअरीच्या पासबुकात, बचत गटाच्या वहीत, पावसाळी पाहुण्यांना किती ताटे वाढली त्या हिशेबात. गटाची वही लिहिणाऱ्या सूनबाई अर्जात ‘अनुभव नाही’ असे लिहितात, याचे मला फार वाईट वाटते. बारा बायकांचे पैसे पाच वर्षे पैचाही घोळ न होता सांभाळले, तो अनुभव नव्हे तर काय?

फुगवून मात्र लिहू नका. ‘हे मोजले कसे?’ असे मुलाखतीत विचारले, की फुगवलेला आकडा तिथल्या तिथे फुटतो. वही नसेल तर ‘अंदाजे’ म्हणावे. चौघांनी मिळून केलेले काम चौघांचे सांगावे आणि आपला वाटा वेगळा लिहावा.

आणि हो, जुने काम सोडण्यापूर्वीच मालकाच्या वहीतले आकडे त्याला विचारून उतरवून घ्या. सहा महिन्यांनी गेलात तर मुकादम बदललेला असतो, वही रद्दीत गेलेली असते.