दर जाहीर, बोट बाकी

आमच्या लांज्याला समुद्र नाही. रत्नागिरी जिल्हा म्हटला की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर माड आणि लाटा उभ्या राहतात. प्रत्यक्षात लांज्याच्या माणसाला समुद्र पाहायचा तर पावस-पूर्णगडच्या वाटेला लागून तास-दीड तास गाडीत बसावं लागतं. तरीही बोटीची बातमी आली की आमची बाजारपेठ कान टवकारते. त्याला कारण आहे. माचाळच्या डोंगरात उगवणारी मुचकुंदी पूर्णगडला समुद्राला मिळते, आणि एके काळी तिच्या खाडीतून गलबतं थेट साटवलीपर्यंत येत. साटवली आमच्याच तालुक्यातली. तिथल्या गढीचे बुरूज अजून दिसतात, बंदर मात्र गेलं. एकदा बंदर पाहिलेल्या मुलखाची बोटीची आस सहजासहजी जात नसावी.

2025 च्या मे महिन्यात माझा पुतण्या सुटीवर आला होता. तो एका मोठ्या परदेशी क्रूझ जहाजावर स्वयंपाकघरात आहे. एके दुपारी पडवीत फणस फोडायचं काम चाललं होतं. हाताला तेल लावून गरे काढता काढता त्याने सांगितलं, "काका, आमची कंपनी आता नसाऊला स्वतःचा बीच क्लब काढतेय. वर्षअखेर उघडणार."

नसाऊ ही बहामा बेटांची राजधानी. तिच्यासमोरच पॅराडाइज आयलंड नावाचं बेट आहे. (याचं मूळ नाव हॉग आयलंड, म्हणजे डुकरांचं बेट. हॉटेलं यायची झाली तेव्हा त्याचं स्वर्गात रूपांतर झालं. नाव बदलण्याची कला काही आपलीच मक्तेदारी नव्हे.) तिथे रॉयल कॅरिबियन कंपनीने सतरा एकर जागेवर हा क्लब उभारायला घेतला होता. बोटीतून उतरायचं, दिवसभर त्या वाळूवर लोळायचं, खायचं-प्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा बोटीत. दर माणशी, दिवसाचा.

"किती?" मी विचारलं.

"शंभर डॉलरच्या वरच, काका. म्हणजे आपले साडेआठ-नऊ हजार धरा. दिवस पाहून दर बदलतो. गर्दीच्या दिवशी जास्त."

माझी पत्नी विळीवरून न उठताच म्हणाली, "वाळूत बसायचे नऊ हजार? मग गणपतीपुळ्याला आपण इतकी वर्षं कंपनीचं नुकसानच केलं म्हणायचं!"

आम्ही हसलो. पण पुतण्याचं पुढचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. क्लब उघडायला सात-आठ महिने होते, तरी दर लागले होते आणि लोकांनी पैसे भरून डिसेंबरचे दिवस राखून ठेवले होते. बांधकाम अजून चालू, पण जायचा दिवस ठरलेला. शिवाय त्या प्रकल्पात 49 टक्क्यांपर्यंत भागीदारी बहामाच्या लोकांसाठी ठेवल्याचंही तो म्हणाला. तिथेही सगळे खूश होते असं नाही. किनाऱ्यावरच्या सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्यावरून एका स्थानिक उद्योजकाने सरकारला कोर्टात खेचलं होतं. वाळू कुणाची हा प्रश्न तिकडेही आहेच.

आपल्याकडे वाळू अजून तरी सगळ्यांची आहे. सरकारने 2020 साली आठ किनाऱ्यांवर बीच शॅक उभारायचं धोरण आणलं, त्यात आमच्या जिल्ह्यातले गुहागर आणि आरे-वारे होते. पण बसायला तिकीट नाही. आपल्याला तिकीट लागतं ते तिथवर पोचायला. आणि त्या उन्हाळ्यात त्याच तिकिटाची चर्चा कोकणात सुरू झाली होती: यंदा गणपतीला मुंबईहून बोट!

ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत दरपत्रक आलं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुटणार, जयगडला तीन तासांत, विजयदुर्गला पाच तासांत. वेग 25 नॉट. माणसं 656, चारचाकी 50, दुचाकी 30. इकॉनॉमी 2,500 रुपये, प्रीमियम इकॉनॉमी 4,000, बिझनेस 7,500 आणि फर्स्ट क्लास 9,000. मोटारीला 6,000, दुचाकीला 1,000, सायकलला 600, मिनी बसला 13,000. ते कात्रण मी कापून ठेवलं. फर्स्ट क्लासचा आकडा पाहून पत्नी म्हणाली, "हे तर तुमच्या नसाऊच्या वाळूइतकंच झालं."

मी मात्र कात्रणाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडला, कारण मला आईला आणायचं होतं.

आई 84 वर्षांची. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती डोंबिवलीला दादाकडे असते. गणपती मात्र लांज्याच्या घरी, आणि गणपतीला आई नाही असं वर्ष मला आठवत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललं आहे, त्याबद्दल या पानावर नव्याने काय लिहायचं! दहा-बारा तास मोटारीत बसणं तिला आता झेपत नाही. रेल्वेने विलवडे स्टेशन गाठायचं तर गर्दीतून चढणं-उतरणं आलं. तीन तासांची बोट, आणि आपली मोटार बोटीच्या पोटात! मला तर ही सोय आईसाठीच केल्यासारखी वाटली.

हिशोब असा. दादा, वहिनी, नात आणि आई, चौघांचे इकॉनॉमीने दहा हजार. मोटारीचे सहा. एकूण सोळा हजार, परतीचे धरून बत्तीस. त्या बोटीत 656 पैकी 552 जागा इकॉनॉमीच्या, म्हणजे बोट श्रीमंतांसाठीच काढली असं म्हणता यायचं नाही. पण ज्या चाकरमान्यासाठी ती काढली असं सांगत होते, तो वर्षभर पैसे साठवून एसटीच्या जादा गाडीने येतो. त्याने बत्तीस हजार एका गणपतीला घालवायचे तर गौरीला नवं लुगडं कशाने आणायचं? मोटार रेल्वेवर चढवून नेण्याची योजनाही त्याच वर्षी आली होती. कोलाड ते वेर्णा 7,875 रुपये, आणि नंतर नांदगावला थांबा दिला तेव्हा तिथवरचे 5,460. माणसांचं तिकीट निराळं. ती गाडी आमचा तालुका ओलांडून पुढे कणकवलीच्या बाजूला थांबणार. बोटीचं जयगड आमच्या अलीकडे, विजयदुर्ग पलीकडे. लांजा मधल्या मध्ये राहतो, हे आमचं जुनंच दुखणं.

तरीही सोळा हजार दादाला आणि मला मिळून जड नव्हते. दराने आम्हाला अडवलं नाही.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती हरखली. लग्न होऊन ती आली ती बोटीनेच. रात्री खालच्या डेकवर पथाऱ्या पसरायच्या, हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत बोट यायची. रत्नागिरीला ती लांबच उभी राहायची, मग पडावात उतरायचं, कुणीतरी हात धरायचा, कुणीतरी ओरडायचं. पुढे एसटीने लांजा. भाडं किती होतं ते तिला सांगता येईना. पडावाचे पैसे वेगळे होते की तिकिटातच, यावरून तिची आणि दादाची फोनवरच जुंपली.

मग ती सहज म्हणाली, "पण पावसात बोट कशी रे सुटेल? आमच्या वेळी पावसात बोट बंद असायची."

"अगं, आता बोटी वेगळ्या आहेत," मी म्हणालो.

इथे माझी चूक झाली. जूनअखेर आरक्षण उघडलं तेव्हा दादाने पहाटे उठून धडपड केली होती आणि त्याला दोन बर्थ मिळाले होते, त्यातला एक आईसाठी खालचा. रेल्वेने आता आरक्षण साठ दिवसांवर आणलं आहे, आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. असे बर्थ म्हणजे लॉटरीच. ते मी त्याला रद्द करायला लावले. "सगळे एकदमच बोटीने या," म्हणालो.

नंतर तारीख आली: 1 सप्टेंबर. चतुर्थी होती 27 ऑगस्टला. गणपतीसाठीची बोट गणपती बसल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सुटणार! 31 ऑगस्टला गौरी यायच्या, 1 तारखेला पूजन, 2 तारखेला विसर्जन. आई म्हणाली, "गौरीपूजनाला तरी हात लागेल." मग तेवढ्यावर आम्ही आशा धरून बसलो. दादाने पर्यायी बर्थसाठी प्रयत्न केले. वेटिंग लिस्टचा आकडा पाहून तो गप्प बसला.

1 सप्टेंबरलाही बोट सुटली नाही. हवामान खराब असल्याने तारीख पुढे गेली. आमच्या घरातल्या गौरी त्या दिवशी आईने फोनच्या पडद्यावर पाहिल्या. ओवसा भरताना पत्नीने फोन गौरीसमोर धरला आणि तिकडून आई एकेक गोष्ट सांगत होती: ते पान उलटं ठेवलंय, हळद आधी. मी पडवीत जाऊन बसलो.

हवामानासाठी बोट थांबवली याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. थांबवलीच पाहिजे. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्याआधी 11 नोव्हेंबर 1927 ला जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. कोकणातल्या जुन्या माणसांना या तारखा पाठ असत. म्हणूनच पूर्वी पावसाळ्यात बोटी बंद ठेवत, आणि नारळी पौर्णिमेला नारळ टाकल्यावरही भाद्रपदातला समुद्र पाहूनच नाखवा निघायचा. माझं म्हणणं निराळं आहे. भाद्रपदात समुद्राचा भरवसा नसतो हे 84 वर्षांच्या बाईला दादरला गाडी पकडण्याइतकं सहज माहीत आहे, तर त्या महिन्याचा वायदा पंचक्रोशीला का द्यावा? दिवाळीचा दिला असता, शिमग्याचा दिला असता. दर महाग वाटला तर माणूस हिशोब करून नाही म्हणू शकतो. पण तारखेच्या भरवशावर तो हातातलं सोडतो, तसं मी सोडायला लावलं. नसाऊची वाळू आपल्याला परवडणारी नाही, पण तिथे ज्याने डिसेंबरसाठी पैसे भरले त्याला डिसेंबरात वाळू मिळाली, ही गोष्ट मला बोचते.

आई अखेर दिवाळीला आली. मोटारीने, मधे चिपळूणला नातेवाइकांकडे मुक्काम करून, दोन दिवसांत. डिसेंबरातही ती इथेच होती. नसाऊचा क्लब उघडला त्या सुमारास एका रात्री पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे लख्ख दुपार होती. पांढरी वाळू, रांगेने मांडलेल्या खुर्च्या, छत्र्या.

"आजी, दिसतंय का?"

"दिसतंय रे. पाणी किती शांत आहे! तिथे पडाव लागत नाही?"

"नाही गं, बोट धक्क्याला लागते."

"बरं आहे," आई म्हणाली. मग तिने त्याला जेवलास का ते विचारलं, आणि सुटी कधी ते विचारलं.

नव्या वर्षाचं कालनिर्णय भिंतीवर लावलं तेव्हा मी आधी सप्टेंबरचं पान उघडलं. 2026 ची चतुर्थी 14 तारखेला. तिथून साठ दिवस मागे मोजत जुलैच्या पानावर आलो आणि लाल पेनाने गोल केला. दादाला फोन लावून सांगितलं, आईचा खालचा बर्थ मिळाला तर या खेपेला कुणाचंही ऐकून रद्द करायचा नाही. माझंसुद्धा.