मिशाळ माशांच्या मागावर – भाग ७ : बरणी कशासाठी?

गेल्या आठवड्यात कोट्टयमच्या विहिरीपाशी थांबलो होतो आणि आज डीएनएच्या भाषेला हात घालायचा, असं ठरलं होतं. तो भाग आता पुढच्या वेळी. मध्येच सावंतवाडीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न दोन ओळींत उरकावा असा नाही. बाई विचारतात : ‘होराग्लॅनिस पॉप्युली इतका दुर्मीळ मासा. जमिनीच्या पोटात राहणारा, विहीर उपसली तरच चुकून वर येणारा. तो हाती आल्यावर फोटो काढा, मापं घ्या, पराचा तुकडा तपासायला ठेवा आणि मासा परत विहिरीत सोडा. मारून बरणीत घालायची गरज काय?’

हा प्रश्न माशावरच्या मायेतून आलेला आहे. म्हणून आजचा सगळा भाग बरणीला.

आधी बरणीत मासा जातो कसा ते पाहू. पहिलं काम जिवंत माशाचा फोटो, कारण रंग टिकत नाहीत. होराग्लॅनिसच्या कातडीत रंगद्रव्य नाही. आतलं रक्त दिसतं म्हणून तो गुलाबी-लाल भासतो, आणि अल्कोहोलमध्ये काही दिवसांत पांढराफटक होतो. मग पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब टाकून माशाला गुंगी देतात आणि त्या गुंगीतच त्याचा शेवट होतो. नंतर पराचा किंवा स्नायूचा छोटा तुकडा कापून शुद्ध अल्कोहोलच्या कुपीत. हा तुकडा बहुधा माशाच्या उजव्या बाजूचा घेतात, कारण जगभरचे मत्स्यवर्गीकरणतज्ज्ञ मापं आणि मोजणी डाव्या बाजूनं करतात. ती बाजू अखंड राहायला हवी. उरलेला मासा फॉर्मॅलिनमध्ये, सरळ, पर पसरून. त्यानं शरीर घट्ट होतं, कुजत नाही. काही दिवसांनी स्वच्छ धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये कायमचा मुक्काम. आणि बरणीच्या आत, बाहेर नव्हे, पेन्सिलीनं किंवा न पुसणाऱ्या शाईनं लिहिलेली चिठ्ठी : ठिकाण, तारीख, कोणी पकडला, किती खोल पाणी. ही चिठ्ठी म्हणजे माशाचा सातबारा. ती हरवली तर बरणीतल्या माशाची किंमत जवळजवळ शून्य होते.

आता मुद्द्याची गोष्ट. नव्या प्रजातीचं वर्णन एका पानाचं असो की पन्नास पानांचं, त्यातलं नाव अखेर एकाच माशाला बांधलेलं असतं. त्या एका माशाला होलोटाइप म्हणतात. त्याच्या सोबत अभ्यासलेले इतर मासे ते पॅराटाइप. उद्या कोणी म्हणालं, की ‘तुम्ही एका नावाखाली दोन वेगळे मासे कोंबलेत’, तर वाद होलोटाइपपाशी मिटतो. तो ज्या बाजूचा निघेल, त्या बाजूला जुनं नाव जातं. दुसऱ्याला नवं नाव द्यावं लागतं. वर्णनात चूक असेल, चित्र वाईट असेल, लेखकाचा तर्क फसला असेल, तरी हरकत नाही. मासा जागेवर असला की दुरुस्ती होऊ शकते. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनं तर १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी असा नमुना स्पष्ट ठरवून देण्याचं आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला हे सांगण्याचं बंधन घातलं आहे.

नमुना नसला की काय होतं, याचं उत्तर आपल्याच नद्यांत आहे. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर मोठा ग्रंथ काढला. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास आजही त्या ग्रंथापासून सुरू होतो, पण हॅमिल्टननं मासे जपून ठेवले नाहीत. त्यानंतर आला कर्नल साइक्स. मुंबई सरकारनं १८२४ मध्ये त्याला दख्खनची पाहणी करायला नेमलं होतं. शेती, लोकसंख्या, हवामान यांची नोंद करता करता त्यानं इथले मासेही टिपले. शिंगटी, घोगरा, टाकरी ही इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्यानं तशीच शास्त्रीय नावांत बसवली आणि १८३९ मध्ये ती छापून आली. मला या माणसाविषयी फार आदर आहे. दख्खनच्या भोयांचं ज्ञान त्यानं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या पानांवर नेलं. पण त्याच्या शिंगटीचा मूळ नमुना आज कुठेही नाही.

परिणाम काय झाला? साइक्सचं वर्णन थोडक्यातलं. हॅमिल्टननं गंगेतल्या अशाच एका माशाला कॅव्हेसियस म्हटलं होतं. दोघांच्याही बरण्या नाहीत, मग ताडून पाहायचं कशाशी? पुढच्या अभ्यासकांनी आपली शिंगटी कॅव्हेसियसच्या पोटात ढकलून दिली. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातल्या माशाची मग स्वतंत्र गणती नाही, स्वतंत्र अभ्यास नाही, तो कमी होतोय का याची विचारणाही नाही. सगळा हिशेब गंगेतल्या माशाच्या खात्यावर. अखेर २००५ मध्ये प्रोसांता चक्रवर्ती आणि हिऑक ही एन्ग या दोघांनी वेगवेगळ्या संग्रहांतले मासे समोर ठेवून कॅव्हेसियसचा गुंता सोडवला. शिंगटीला तिचं मिस्टस सींगटी हे नाव परत मिळालं आणि त्याच निबंधात म्यानमारमधली एक अगदी नवी प्रजातीही उजेडात आली. साइक्सपासून मोजलं तर मध्ये १६६ वर्षं गेली. आणि ज्या माशांमुळे हा गुंता सुटला, ते निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या माणसांनी पकडून बरण्यांत ठेवलेले होते. त्यांतल्या कित्येकांना आपण कशाचा पुरावा जपतोय याची कल्पनाही नसेल.

म्हणून मी नेहमी सांगतो, नवी प्रजाती नदीत सापडते हे अर्धंच खरं. नदीत सापडतो तो मासा. तो नवा आहे हे ठरतं जुन्या बरण्यांच्या शेजारी ठेवल्यावर. मिशांच्या किती जोड्या, छातीच्या काट्याला किती दाते, पाठीवरचा मांसल पर किती लांब, कणे किती, ही प्रत्येक संख्या दुसऱ्या कशाच्या तरी तुलनेत बोलते. वर्णन म्हणजे तुलना, आणि तुलनेला दुसरी बाजू हवी.

ही दुसरी बाजू कुठे कुठे विखुरली आहे, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या सैन्यातला डॉक्टर. त्यानं भारतभरचे मासे गोळा करून १८७५ ते १८७८ या काळात ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ काढला. त्याचे नमुने लंडनला गेले, कलकत्त्यात राहिले, युरोपातल्या संग्रहालयांत पोहोचले, आणि १८८३ मध्ये त्यांतला मोठा साठा सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमनं घेतला. आपल्याकडच्या एखाद्या माशाचं कोडं सोडवायला आजही सिडनीच्या कपाटाची चौकशी करावी लागते, ती त्यामुळे.

आणि बरणी अमर नसते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात शहरावर जपानी बाँब पडतील या भीतीनं १९४२ मध्ये तिचा संग्रह वाराणसीला, वरुणा नदीकाठच्या कैसर कॅसलमध्ये हलवला. बाँबपासून तो वाचला, पण १९४३ मध्ये वरुणेला पूर आला आणि संग्रहाची मोठी हानी झाली. त्यानंतर काही वर्षांनी संस्थेची धुरा सुंदरलाल होरा यांच्याकडे आली. आपला आंधळा मासा ज्यांच्या नावानं होराग्लॅनिस म्हणवतो, तेच हे होरा. ए. जी. के. मेनन यांनी १९५० मध्ये कोट्टयमच्या विहिरीतल्या माशाचं वर्णन करून वंशाला त्यांचं नाव दिलं.

आता बाईंच्या ‘फोटो काढा’ या सूचनेकडे येतो. हा प्रयोग झालेला आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कीटकाचं, माशीच्या जातकुळीतल्या, केवळ छायाचित्रांवरून नव्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. नमुना हातातून निसटला होता. त्यावर मोठं वादळ उठलं आणि पुढच्याच वर्षी जगभरच्या शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून अशा पद्धतीला विरोध नोंदवला. त्यांचा आग्रह मला पटतो, कारण फोटोत तेवढंच असतं जे काढणाऱ्याला त्या दिवशी महत्त्वाचं वाटलं. माशात मात्र पुढच्या शंभर वर्षांतल्या प्रश्नांची उत्तरं असतात.

दोन उदाहरणं देतो. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये कोल्हापूरच्या पंचगंगेतून एका माशाचं वर्णन केलं. त्याला त्यांनी खवलचोर हेच नाव ठेवलं, कारण तो दुसऱ्या माशांचे खवले खातो. ही सवय बाहेरून फोटोत दिसेल का? पोट उघडून आत काय आहे ते पाहावं लागतं, दातांची ठेवण तपासावी लागते.

दुसरं उदाहरण क्रिप्टोग्लॅनिस शाजी. केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यातला हा जमिनीखालचा मासा २०११ मध्ये जाहीर झाला. बोटाएवढाही नाही, पाठीवर पर नाही, डोळे कातडीखाली. तीन वर्षांत दोन स्वतंत्र गटांनी त्याची हाडं तपासली. फिलाडेल्फियात जॉन लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांचं सूक्ष्म स्कॅनिंग केलं. राल्फ ब्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्याचा सांगाडा बारकाईनं अभ्यासला. लहान माशांच्या सांगाड्यासाठी एक सुंदर पद्धत आहे : मांस पाचक रसानं पारदर्शक करायचं, हाडं एका रंगानं लाल आणि कूर्चा दुसऱ्यानं निळी रंगवायची. मग अख्खा सांगाडा जसाच्या तसा, एकही हाड न हलवता समोर दिसतो. क्रिप्टोग्लॅनिसची काही हाडं गायब होती, काहींचे आकार इतर कोणत्याही मिशाळ माशात न आढळणारे होते, जबड्यात टोकदार दातांच्या रांगा होत्या. ब्रिट्झ यांच्या गटानं त्यासाठी क्रिप्टोग्लॅनिडी हे स्वतंत्र कुलच स्थापन केलं. मासा सापडला तेव्हा नवी प्रजाती होता. नमुने पुन्हा उघडल्यावर नवं कुल ठरला.

तरीही बाईंच्या पत्रातला अर्धा भाग पूर्ण बरोबर आहे, आणि पॉप्युलीवर काम करणाऱ्यांनी तोच मार्ग धरला. राजीव राघवन, पुण्याच्या आयसरमध्ये अनेक वर्षं काम केलेले नीलेश डहाणूकर, ब्रिट्झ आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे सहा वर्षांची शोधमोहीम होती. तिचा कणा गावोगावचे लोक होते. विहीर उपसताना, टाकी धुताना, नळातून मासा आला की ते कळवत. त्यातून या वंशाच्या वास्तव्याची ४७ नवी ठिकाणं नोंदली गेली आणि ६५ नवे जनुकीय क्रम हाती आले. लोकांचा मासा म्हणून नाव पॉप्युली. जनुकीय क्रमासाठी पराचा तुकडा पुरतो. नावासाठी मासा लागतो. म्हणून नमुने मोजके आणि माहिती भरपूर, हेच दुर्मीळ माशाच्या बाबतीतलं योग्य प्रमाण आहे. होराग्लॅनिसच्या चार प्रजातींना खरा धोका आहे तो भूजलाच्या बेसुमार उपशाचा आणि जांभ्याच्या खाणींचा. पाण्याचा एक थर आटला तर किती मासे संपले याची मोजदादही होणार नाही, कारण ते आपल्याला दिसतच नाहीत.

एक शेवटची अडचण, कारण ती पुढच्या भागाकडे नेते. फॉर्मॅलिन शरीर जपतं, पण डीएनएची नासधूस करतं. कुपीत तुकडा बाजूला काढण्याची पद्धत अलीकडची. १९५० च्या सुमाराच्या माशाचा असा तुकडा कोणी ठेवलेला नाही. मग मेनन यांच्या कोट्टयमच्या माशाचा, म्हणजे होराग्लॅनिस कृष्णाई या प्रजातीचा जनुकीय क्रम कसा मिळवायचा? इथे बरणीतली चिठ्ठी कामी येते. तिच्यावर कोट्टयम लिहिलंय, म्हणून कोट्टयमच्याच परिसरातून मिळालेला ताजा मासा मूळ नमुन्याचा प्रतिनिधी मानता येतो. हे मासे दिसायला इतके सारखे आहेत, की नुसत्या नजरेनं त्यांचे वेगळे गट पाडणं अवघड आहे. ज्या प्रजातीचं मूळ ठिकाणच नीट नोंदलेलं नाही, तिथे डीएनएसुद्धा हतबल होतो.

आणि हे सगळं केरळपुरतं नाही. मुंबईत जोगेश्वरीच्या एका विहिरीतून डोळे नसलेला, लाल रंगाचा, वामीसारख्या अंगाचा मासा मिळाला आणि २०२१ मध्ये त्याचं रक्तामिक्थिस मुंबा म्हणून वर्णन झालं. तो मिशाळ नव्हे, पण जमिनीखालचाच. तेव्हा सावंतवाडीच्या बाईंना आणि कोकणातल्या सगळ्या वाचकांना एक विनंती. मेच्या महिन्यात विहीर उपसताना पांढरा किंवा लालसर, डोळे नसलेला मासा दिसला तर तो फेकू नका आणि मारूही नका. त्याच विहिरीच्या पाण्यात, सावलीत, झाकून ठेवा. फोटो काढा. गाव, वाडी, तारीख, विहिरीची खोली, पाणी किती हातांवर होतं, हे कागदावर लिहा. मग जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा पुण्यात आकुर्डीला असलेल्या प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राला कळवा. त्याला बरणीत ठेवायचं की परत विहिरीत सोडायचं, हे तिथले जाणकार तुमच्याशी बोलून ठरवतील. तुमचं काम नोंदीचं, आणि ती नोंद जितकी चोख, तितके कमी मासे बरणीत घालावे लागतील.

पुढच्या आठवड्यात डीएनए. दिसायला हुबेहूब सारखे असलेले मासे लाखो वर्षांपूर्वी वेगळे झाले हे कशावरून म्हणायचं, तिथून सुरुवात करू.